जबड्यातली जायंट सेल गाठ: रिपोर्ट हातात आल्यावर पडणारे सगळे प्रश्न

बायोप्सीचा रिपोर्ट आला, त्यावर 'जायंट सेल लीजन' लिहिलंय, आणि आता घरातले सगळे फोनवर सर्च करत बसलेत. अशा वेळी जे प्रश्न नेहमी येतात ते इथे एकत्र केलेत. माझं म्हणणं एकच आहे आणि ते खाली पुन्हा पुन्हा येईल, की या तीन शब्दांनी निदान पूर्ण होत नाही, अर्धंच होतं. उरलेलं अर्धं एक्स-रे, वय, जागा आणि रक्ताची तपासणी यातून येतं.

जायंट सेल म्हणजे कॅन्सर का?

नाही. जबड्यातल्या बहुतेक जायंट सेल गाठी कॅन्सर नसतात आणि अंगभर पसरत नाहीत. पण साधी गाठ आहे म्हणून निवांत बसायचं असंही नाही, कारण यातल्या काही हाड चांगलंच पोखरतात, दात सरकवतात, मुळं झिजवतात. हाडाच्या काही कॅन्सरमध्येही असे सेल दिसू शकतात, पण तिथे बाकीच्या पेशी विचित्र दिसतात, विभाजन चुकीच्या पद्धतीने चाललेलं असतं, आणि पॅथॉलॉजिस्ट ते बघूनच रिपोर्ट लिहितो.

मग हे जायंट सेल नक्की असतात तरी काय?

खूप केंद्रकं असलेल्या मोठ्या पेशी. एका पेशीत पाच-दहापासून कितीतरी केंद्रकं. वागायला त्या ऑस्टिओक्लास्टसारख्या, म्हणजे हाड विरघळवणाऱ्या पेशींसारख्या. गंमत अशी की नाव त्यांचं झालं तरी गाठीचा खरा कारभार त्यांच्याकडे नसतो. आजूबाजूला ज्या लांबट, एका केंद्रकाच्या पेशी असतात त्या रँक-लायगँड नावाचा सिग्नल सोडतात आणि त्यामुळे जायंट सेल तयार होतात. थोडक्यात त्या लांबट पेशी कंत्राटदार आणि जायंट सेल म्हणजे बोलावून आणलेले मजूर, भिंत फोडताना दिसतात मजूरच. हे लक्षात ठेवा, पुढे औषधांच्या प्रश्नात उपयोगी पडेल.

स्लाइड बघून डॉक्टर सरळ नाव का सांगत नाहीत?

कारण सूक्ष्मदर्शकाखाली पाच-सहा वेगवेगळे आजार जवळजवळ सारखेच दिसतात. जायंट सेल, लांबट पेशी, रक्तस्राव, त्या रक्तातून उरलेलं तपकिरी लोह, कडेला थोडं नवीन हाड. हे चित्र सेंट्रल, म्हणजे हाडाच्या आत होणाऱ्या, जायंट सेल ग्रॅन्युलोमात दिसतं, मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथींच्या आजारातल्या ब्राऊन ट्यूमरमध्ये दिसतं, चेरुबिझम या लहान मुलांच्या जबड्याच्या आजारात दिसतं, अॅन्युरिझमल बोन सिस्ट म्हणजे रक्ताच्या पोकळ्या असलेल्या हाडातल्या गाठीच्या घट्ट भागात दिसतं, हिरडीवरच्या पेरिफेरल जायंट सेल ग्रॅन्युलोमात दिसतं. त्यामुळे चांगला पॅथॉलॉजिस्ट रिपोर्टच्या शेवटी 'क्लिनिकल आणि रेडिओलॉजिकल माहितीशी जुळवून पाहावे, सीरम कॅल्शियम व पीटीएच करावे' असं लिहितो (पीटीएच म्हणजे पॅराथायरॉइडचं हॉर्मोन, त्यावर खाली येतोच). लोकांना वाटतं डॉक्टर हात झटकतोय. मला उलट वाटतं, ती ओळ नसलेला रिपोर्ट अपुरा आहे.

सेंट्रल जायंट सेल ग्रॅन्युलोमा कोणाला होतो?

जास्त करून ३० वर्षांच्या आतल्या लोकांना, आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त. खालच्या जबड्यात वरच्यापेक्षा जास्त आढळतो, साधारण दोन तृतीयांश किंवा थोडे अधिक, आणि बहुतेकदा दाढांच्या पुढच्या भागात. खालच्या जबड्यात मधली रेषा ओलांडून पलीकडे जायची याला सवय आहे. १९५३ मध्ये जॅफे यांनी याला जायंट सेल रिपॅरेटिव्ह ग्रॅन्युलोमा म्हटलं, कारण तेव्हा वाटत होतं की मार लागल्यावर हाड स्वतःला दुरुस्त करायला जातं त्यातून हे होतं. आता तो 'रिपॅरेटिव्ह' शब्द मागे पडलाय, कारण बऱ्याच गाठी दुरुस्ती वगैरे काही करत नाहीत, नुसत्या वाढत जातात.

मला काही दुखलंच नाही, मग एवढी गाठ झालीच कशी?

हे फार कॉमन आहे. बऱ्याच गाठी दुसऱ्याच कशासाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये अचानक सापडतात. लक्षणं असली तर जबडा हळूहळू फुगणं, चेहरा एका बाजूने वेगळा दिसणं, दात हलणं किंवा दातांमध्ये नवीन फट पडणं. वरच्या जबड्यात असेल तर नाक चोंदल्यासारखं वाटू शकतं. ओठ बधिर होणं किंवा सतत दुखणं यात सहसा होत नाही, म्हणून तसं असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा, ते वेगळ्या दिशेने विचार करतील.

आधी एका ठिकाणी दाताचं इन्फेक्शन सांगून रूट कॅनाल केलं होतं. ते चुकलं का?

चुकलं की नाही हे एक्स-रे आणि तेव्हाची तपासणी बघितल्याशिवाय कोणी सांगू नये. पण असं होतं खरं. लहान गाठ दाताच्या मुळाच्या टोकाशी असली तर एक्स-रेत ती नेहमीच्या पू झालेल्या दातासारखीच काळी दिसते. फरक कळतो तो दात जिवंत आहे का ते तपासून. गार लावून किंवा इलेक्ट्रिक टेस्टरने दात नीट प्रतिसाद देत असेल, कीड नाही, फिलिंग नाही, मार लागलेला नाही, आणि तरी मुळाशी काळं दिसतंय, तर थांबून विचार करायला हवा. आणि मुळाच्या टोकाचं ऑपरेशन झालं तर काढलेला तुकडा लॅबला गेलाच पाहिजे, कचऱ्यात नाही.

एक्स-रेमध्ये काय बघतात? ओपीजी पुरतो का?

सुरुवातीला ओपीजी पुरतो, सगळा जबडा एका फिल्ममध्ये दिसतो, दुसरीकडे कुठे अशीच गाठ आहे का तेही कळतं. छोटी गाठ एकाच कप्प्याची दिसते, मोठी झाली की आत बारीक, पुसट पडदे दिसायला लागतात, आणि कधी कधी ते पडदे गाठीच्या कडेपासून काटकोनात आत शिरलेले दिसतात. तसं दिसलं की रेडिओलॉजिस्टच्या डोक्यात जायंट सेलचा नंबर वर येतो. तरीपण अमेलोब्लास्टोमा, ओडोन्टोजेनिक मिक्सोमा, केराटोसिस्ट या जबड्यातल्या दुसऱ्या गाठीही अनेक कप्प्यांच्या दिसू शकतात, त्यामुळे एक्स-रेवरून पैजा लावायच्या नाहीत.

ऑपरेशन ठरत असेल तर सीबीसीटी (जबड्या-दातांचा थ्रीडी स्कॅन) किंवा सीटी लागतो. हाडाची बाहेरची भिंत पातळ झालीय की फुटलीय, मुळं किती झिजलीत, नस कुठून जाते हे त्यातच नीट कळतं. एमआरआय सगळ्यांना लागत नाही. आत रक्ताच्या पोकळ्या असल्याचा संशय असेल तर उपयोग होतो, कारण अॅन्युरिझमल बोन सिस्टमध्ये द्रवाचे थर एकावर एक साचलेले दिसतात. मात्र हे थर दिसले म्हणजे तोच आजार असंही नाही, इतर गाठींच्या आत दुय्यम पोकळ्या तयार झाल्या तरी ते दिसतात.

बायोप्सीच्या आधी सुई घालून का बघितलं?

सुरक्षिततेसाठी. जबड्याच्या हाडात क्वचित रक्तवाहिन्यांची गाठ असते, तिला चुकून कापलं किंवा त्या भागातला दात उपटला तर रक्तस्राव आवरणं अवघड होतं. म्हणून आधी सुईने ओढून बघतात, भसाभस ताजं लाल रक्त आलं तर तिथेच थांबून रक्तवाहिन्यांचा स्कॅन करतात. सुईच्या तपासणीवरून, म्हणजे एफएनएसीवरून, जायंट सेल आहेत एवढं कळू शकतं, पण कुठला आजार ते ठरवायला तुकडाच लागतो. आणि तुकडा कडेचा थोडासा नको, नुसतं नवीन हाड आलं तर रिपोर्ट भलतीकडेच जातो.

दुखणं जबड्यात, मग रक्त कशाला तपासायचं? हा खर्च टाळता येईल का?

टाळू नका, अख्ख्या पानातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हाच आहे.

मानेत थायरॉइडच्या मागे चार छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, काहींना कमीजास्त असतात. त्यातून पीटीएच नावाचं हॉर्मोन येतं आणि ते रक्तातलं कॅल्शियम सांभाळतं. ग्रंथीत गाठ झाली, बहुतेकदा एका ग्रंथीतली साधी गाठ, किंवा किडनी बरीच वर्षं खराब असली, तर पीटीएच जास्त सुटतं आणि शरीर हाडातून कॅल्शियम काढत राहतं. मग हाडात जागोजागी जायंट सेलच्या गाठी होऊ शकतात, त्याच ब्राऊन ट्यूमर. जबडा ही त्यांच्या आवडत्या जागांपैकी एक. स्लाइडवर त्या आणि सेंट्रल जायंट सेल ग्रॅन्युलोमा वेगळे सांगता येत नाहीत, कितीही अनुभवी माणूस बसवा.

आता विचार करा, रक्त न तपासता जबड्याचं मोठं ऑपरेशन केलं आणि मूळ आजार मानेत होता. जबडा कापला गेला, आजार तसाच, काही महिन्यांनी गाठ पुन्हा किंवा दुसऱ्या हाडात, आणि मधल्या काळात किडनीत खडे. उलट पीटीएचचा आजार वेळेत सापडला आणि बरा केला तर जबड्यातली गाठ बऱ्याचदा आपोआप आकसते, हाड भरून येतं, जबड्याला हात लावायची वेळच येत नाही.

तपासायचं काय तर कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, पीटीएच, व्हिटॅमिन डी आणि क्रिएटिनिन. कॅल्शियम बघताना अल्ब्युमिन पण बघा, अल्ब्युमिन कमी असेल तर एकूण कॅल्शियम खोटं कमी दिसतं. नुसतं कॅल्शियम नॉर्मल आलं म्हणून पीटीएच सोडून देऊ नका, किडनीच्या रुग्णात किंवा व्हिटॅमिन डी फार कमी असताना कॅल्शियम नॉर्मल किंवा कमी असूनही पीटीएच वर असू शकतं. आणखी एक बारीक गोष्ट जी कोणी विचारत नाही: केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला सांगा, काही पद्धतींमध्ये त्यामुळे पीटीएच खोटं कमी येतं.

पीटीएच वाढलेलं आलं. आता?

आता एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हॉर्मोनचे डॉक्टर. कॅल्शियम जास्त, फॉस्फरस कमी, पीटीएच जास्त असेल तर बहुधा प्रायमरी हायपरपॅराथायरॉइडिझम, म्हणजे ग्रंथीच मुळात बिघडलेली, मग मानेची सोनोग्राफी, कुठली ग्रंथी बिघडलीय ते दाखवणारा सेस्टामिबी स्कॅन, आणि ती ग्रंथी काढायचं ऑपरेशन. किडनीमुळे असेल तर नेफ्रॉलॉजिस्ट. जुने एक्स-रे पुन्हा काढून बघण्यासारखे असतात, कधी कधी दातांच्या मुळाभोवतीची पांढरी रेषा सगळीकडूनच नाहीशी झालेली असते, आणि ते आधी कुणाच्या नजरेत आलेलं नसतं.

पण एक सावधानता. रक्त आणि जबडा दोन्ही बिघडलेत म्हणजे ब्राऊन ट्यूमरच असं धरून चालू नका. हायपरपॅराथायरॉइडिझम-जॉ ट्यूमर सिंड्रोम म्हणून एक आनुवंशिक आजार आहे, सीडीसी७३ जीनचा, त्यात जबड्यातली गाठ ऑसिफाइंग फायब्रोमा, म्हणजे आत हाड तयार होणारी वेगळीच गाठ, असते, ती पॅराथायरॉइडचं ऑपरेशन करून जात नाही, आणि पॅराथायरॉइडच्या कॅन्सरचा धोकाही त्यात जास्त. म्हणून तुकडा बघणं तरीही लागतंच.

हिरडीवर निळसर-जांभळी गाठ आलीय, तीच का ही?

नातेवाईक म्हणा. पेरिफेरल जायंट सेल ग्रॅन्युलोमा फक्त हिरडीवर किंवा दात पडलेल्या जागेच्या उंचवट्यावर येतो, बाकी तोंडात नाही. सहसा दोन सेंटीमीटरच्या आत, ब्रश लागला की रक्त. दातावरचं किटण, नीट न बसणारी कवळी, दात काढलेली जागा, कधी इम्प्लांट, असं काहीतरी सतत टोचणारं जवळपास सापडतं. पायोजेनिक ग्रॅन्युलोमा आणि पेरिफेरल ऑसिफाइंग फायब्रोमा या हिरडीवरच्या दुसऱ्या गाठी अगदी अशाच दिसतात, डोळ्यांनी बघून ओळखायच्या भानगडीत पडू नये. उपचार म्हणजे गाठ मुळापासून, खालच्या आवरणासकट काढणं आणि टोचणारं कारण दूर करणं. वरवर खुडली तर परत येते.

एक्स-रे मात्र इथेही काढा. कधी कधी हाडाच्या आतली गाठ भिंत फोडून हिरडीवर डोकं काढते, आणि बाहेरचं टोक कापून सगळे खूश.

मुलाचे दोन्ही गाल खालून फुगत चाललेत, डॉक्टर चेरुबिझम म्हणाले.

यात दोन्ही बाजूंना, बऱ्यापैकी सारख्या, अनेक कप्प्यांच्या गाठी होतात, बहुतेक २ ते ७ वर्षांच्या वयात सुरुवात. खालच्या जबड्याच्या मागच्या कोपऱ्यापासून वर पसरतात. १९३३ मध्ये पहिल्यांदा वर्णन झालं आणि २००१ मध्ये एसएच३बीपी२ हा जीन सापडला. आई किंवा वडिलांकडून येऊ शकतो, पण घरात कोणालाच नसतानाही नव्याने होऊ शकतो, त्यामुळे कोणाच्या बाजूचं आहे यावर भांडण नको. पालकांना ऐकायला बरं वाटेल अशी गोष्ट म्हणजे वयात आल्यावर वाढ थांबते आणि पुढे बऱ्याच जणांचा चेहरा हळूहळू सावरतो. म्हणून श्वास, नजर, खाणं किंवा दिसण्याचा फार त्रास नसेल तर घाईने ऑपरेशन करत नाहीत, नियमित बघत राहतात. दात मात्र उशिरा येतात, वेडेवाकडे येतात, काही येतच नाहीत, त्याची तयारी ठेवा.

एकापेक्षा जास्त गाठी आहेत, वय मात्र मोठं आहे. हे काय?

आधी पीटीएच. ते नॉर्मल असेल तर सिंड्रोमचा विचार करतात. नूनन सिंड्रोम, न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १, असे आजार आहेत ज्यात जबड्यात अनेक जायंट सेल गाठी होतात. उंची कमी, हृदयाचा झडपेचा त्रास, अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग, असं काही असेल तर दाताच्या डॉक्टरलाही सांगा, त्यांना विचारायचं सुचेलच असं नाही.

गुडघ्याजवळ होतो तो जायंट सेल ट्यूमर आणि हा एकच का?

बरीच वर्षं यावर वाद होता. लांब हाडांच्या टोकाशी होणाऱ्या त्या ट्यूमरमध्ये दहातल्या नऊहून जास्त वेळा एच३एफ३ए जीनमध्ये ठराविक बदल सापडतो, हे २०१३ मध्ये समोर आलं. जबड्यातल्या नेहमीच्या गाठीत तो सापडत नाही. तिथे २०१८ मध्ये टीआरपीव्ही४, केरास आणि एफजीएफआर१ या जीन्समधले बदल सापडले. म्हणजे दिसायला भाऊ, पण घराणं वेगळं. खरा जायंट सेल ट्यूमर जबड्यात फार क्वचित होतो.

मग जीन टेस्ट करून घेऊ का?

सगळ्यांनी नाही. वय, जागा, एक्स-रे, तुकडा आणि रक्त एकमेकांशी जुळत असेल तर टेस्टने काही बदलत नाही. चित्र जुळत नसेल, अॅन्युरिझमल बोन सिस्टचा संशय असेल तर यूएसपी६ हा जीन बघतात, चेरुबिझम किंवा सिंड्रोम वाटत असेल तर त्या त्या जीनची टेस्ट आणि सोबत जेनेटिक सल्ला.

रिपोर्टवर 'अॅग्रेसिव्ह' लिहिलंय, घाबरलोय.

हा शब्द कॅन्सरचा नाही, वागणुकीचा आहे. साधारण असं धरतात की गाठ ५ सेंटीमीटरपेक्षा मोठी, किंवा खरवडून काढल्यावर परत आलेली, किंवा झपाट्याने वाढणं, मुळं झिजणं, दात सरकणं, हाडाची भिंत पातळ होणं किंवा फुटणं यातल्या किमान तीन गोष्टी असल्या तर अॅग्रेसिव्ह. स्लाइडवरून हे खात्रीने सांगता येत नाही, त्यामुळे पॅथॉलॉजिस्टने लिहिलं असेल तर त्याच्याकडे एक्स-रे होता का हे विचारा.

उपचार काय काय आहेत?

लहान, शांत गाठ असेल तर क्युरेटाज, म्हणजे पूर्ण खरवडून काढणं, गरज पडली तर कडेचं थोडं हाडही घासतात. अॅग्रेसिव्ह असेल तर हाडाचा भाग कापण्याचा विचार होतो, पण लहान वयात ते फार महागात पडतं, दात जातात, चेहरा बदलतो, म्हणून औषधं आली. गाठीत स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात, ट्रायमसिनोलोन, सहसा आठवड्याला एक असं सहा आठवडे. डायबेटिस असेल तर आधी सांगा. कॅल्सिटोनिन रोज, कित्येक महिने, आणि परिणाम इतका सावकाश की रुग्णाचा धीर सुटतो. डेनोसुमॅब तो मघाचा रँक-लायगँड सिग्नलच बंद करतं, गाठ घट्ट होते, हाड भरतं, पण लांबट पेशी तिथेच राहतात त्यामुळे बंद केल्यावर गाठ पुन्हा उठू शकते, आणि मुलांमध्ये औषध थांबवल्यावर कॅल्शियम धोकादायक वाढल्याचं पाहिलं गेलंय. जबड्याचं हाड सडण्याचा धोकाही आहे. माझ्या मते हे ज्यांनी आधी वापरलंय अशाच टीमकडे घ्यावं.

परत येते का?

येते. सेंट्रल ग्रॅन्युलोमात खरवडल्यानंतर परत येण्याचे आकडे वेगवेगळ्या अभ्यासांत ११ पासून ४९ टक्क्यांपर्यंत आहेत, अॅग्रेसिव्हमध्ये जास्त. बहुतेक वेळा पहिल्या दोनेक वर्षांत कळतं, तरी त्यानंतरही एक्स-रे चालू ठेवतात. परत आली तर आधीचं पीटीएच कधी केलं होतं ते बघा, केलंच नसेल तर दुसऱ्या ऑपरेशनआधी ते करा.

दुसरं मत घ्यायचंय, सोबत काय न्यायचं?

नुसता रिपोर्ट नेऊन उपयोग नाही. लॅबकडून स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्या, तो मागता येतो, लाजू नका. ओपीजी आणि सीटी फिल्मवर नाही तर सीडी किंवा पेनड्राइव्हवर, जुना एखादा दाताचा एक्स-रे असेल तर तोही, कारण दोन वर्षांपूर्वी तिथे काही नव्हतं हे दिसलं तर वाढीचा वेग कळतो. रक्ताचे रिपोर्ट तारखेसह. आणि शक्य असेल तर ओरल पॅथॉलॉजिस्टला दाखवा, जबड्याच्या स्लाइड रोज बघणारा माणूस आणि महिन्यातून एखादी बघणारा माणूस यात फरक पडतो.